प्रोस्टेटची बायोप्सी: आधीची तयारी आणि नंतरची काळजी

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६७ वर्षांचे. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ९.२, एमआरआयमध्ये पाय-रॅड्स ४ ची (१ ते ५ पैकी ४ एवढ्या संशयाची) एक जागा दिसली. मधुमेह आहे, तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून रक्त पातळ करणारी क्लोपिटॅब-ए चालू आहे. दहा दिवसांनी बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडे काढून तपासणं, ठरलं आहे. तयारी काय करायची, आराम किती लागेल, आणि सुई लावली की गाठ पसरते म्हणतात ते खरं का?

शेवटची शंका आधी घेऊ, कारण तिच्यापायी लोक सहा-सहा महिने बायोप्सी पुढे ढकलतात. प्रोस्टेटच्या बाबतीत सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत. "सुई लावली आणि वर्षभरात गेले" असं ज्यांच्याबद्दल सांगतात, त्यांचा आजार बहुतेक वेळा सुई लावण्याआधीच पुढे गेलेला असतो. गाठ सुईने खवळत नाही.

घाबरायचंच असेल तर तापाला घाबरा. बायोप्सीनंतर घरातले सगळे लघवीतलं रक्त बघून हादरतात आणि दुसऱ्या रात्री भरलेली हुडहुडी मात्र पॅरासिटामॉल देऊन अंगावर काढतात. नेमकं उलट व्हायला हवं. रक्त बहुतेक वेळा आपोआप थांबतं. ताप म्हणजे जंतू रक्तात शिरल्याची खूण असू शकते, आणि तिथे काही तासांनी फरक पडतो. खाली जी तयारी सांगितली आहे तिचा मोठा भाग या एका गोष्टीसाठीच आहे.

हा धोका येतो कुठून, ते कळलं की बाकीचं सोपं होतं. प्रोस्टेट अक्रोडाएवढी ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या अगदी पुढे. जुनी पद्धत अशी की गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब आत सरकवायचा आणि गुदाशयाच्या भिंतीतूनच सुई प्रोस्टेटमध्ये घालायची. प्रत्येक वेळी सुई मळाच्या वाटेतून जाते आणि तिथले ई. कोलाय जंतू बरोबर नेते. दुसरी पद्धत पेरिनियममधून, म्हणजे अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून. प्रोब तिथेच असतो, पण सुई साफ केलेल्या कातडीतून जाते. संसर्गाचं प्रमाण या पद्धतीत बरंच कमी, म्हणून युरोपातल्या युरॉलॉजी संघटनेच्या मार्गदर्शिकेत हिलाच पसंती आहे. वडिलांना मधुमेह आहे, म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: "पेरिनियममधून करता येईल का?" सगळीकडे ती सोय नसते. गुदाशयातून करायचं ठरलं तरी बिघडत नाही, पण मग अँटिबायोटिकची निवड जास्त काटेकोर हवी.

आता दहा दिवसांचा हिशेब. पहिलं काम रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं, कारण त्यांनाच सगळ्यात जास्त आधी हात घालावा लागतो. क्लोपिटॅब-ए ही एक गोळी दिसते, पण तिच्यात दोन औषधं आहेत: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. साधारण नियम असा की ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चालू ठेवता येते आणि क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी बंद करतात. आता "क्लोपिटॅब-ए बंद करा" एवढंच कानावर पडलं की घरी दोन्ही बंद होतात आणि स्टेंट उघडा पडतो. उलट "ॲस्पिरिन चालू ठेवा" एवढंच ऐकलं की जोडगोळी तशीच चालू राहते आणि बायोप्सीच्या टेबलावर ते कळतं. म्हणून कार्डिओलॉजिस्टकडून कागदावर लिहून घ्या: अमुक तारखेपासून क्लोपिटॅब-ए बंद, तिच्या जागी नुसती इकोस्प्रिन ७५ चालू. इकोस्प्रिन गोल्डमध्येही क्लोपिडोग्रेल असतं. इकोस्प्रिन एव्हीमध्ये ते नसतं, ॲस्पिरिनबरोबर कोलेस्टेरॉलची गोळी असते. नावं सारखी, पोटातली औषधं वेगळी. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचाच.

स्टेंट तीन वर्षांचा जुना आहे, त्यामुळे क्लोपिडोग्रेल थोडे दिवस थांबवायला बहुधा परवानगी मिळेल. तोच स्टेंट सहा महिन्यांच्या आतला असता तर गोळी थांबवण्यापेक्षा बायोप्सी पुढे ढकलणं शहाणपणाचं ठरलं असतं. एसिट्रॉम किंवा वॉरफरिन घेणाऱ्यांना ती काही दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) तपासावा लागतो, तो साधारण १.५ च्या खाली हवा. ॲपिक्सबॅन किंवा रिव्हरॉक्सबॅन दोन-तीन दिवस आधी थांबवतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्त. यातलं काहीही आपल्या मनाने करू नका. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या हे "औषधात मोजत नाही" म्हणून सांगायचं राहतं. तेही सांगा.

दुसरं काम लघवीची तपासणी आणि कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ते कोणते आणि त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघणं. कल्चरचा रिपोर्ट यायला ४८ ते ७२ तास लागतात, म्हणून नमुना बायोप्सीच्या किमान पाच-सहा दिवस आधी द्या आणि कुठलंही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्या. पहिली धार सोडायची, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची, डबीच्या आत बोट लावायचं नाही. कल्चरमध्ये जंतू आले तर आधी उपचार, मग बायोप्सी. तारीख पुढे गेली तरी हरकत नाही. लघवीच्या संसर्गाने पीएसएही वाढतो, त्यामुळे संसर्ग निघाला तर तो बरा झाल्यावर काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा करून बघतात. आणि वडील लघवीच्या त्रासासाठी युरिमॅक्स-डी किंवा व्हेल्टॅम प्लस घेत असतील तर ते ठळकपणे सांगा. त्यातलं ड्युटास्टेराइड सहा महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर आणतं. अशा माणसाचा ९.२ हा १८ च्या बरोबरीने वाचावा लागतो.

मग अँटिबायोटिक. वर्षानुवर्षं सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांवर काम भागलं. आता आपल्याकडच्या बऱ्याच ई. कोलायवर सिप्रो चालत नाही, आणि सिप्रो घेऊनही सेप्सिस (संसर्ग रक्तात पसरून होणारा गंभीर आजार) होतो त्याचं मुख्य कारण हेच. डॉक्टरांनी न विचारता या चार गोष्टी सांगा: गेल्या सहा महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं का, रुग्णालयात राहावं लागलं का, लघवीची नळी घातली होती का, आधी बायोप्सी झाली आहे का. यातल्या कशाचंही उत्तर "हो" असेल तर औषधाला दाद न देणारे जंतू आतड्यात असण्याची शक्यता वाढते. सर्वांत चांगला उपाय म्हणजे गुदद्वाराच्या आतल्या भागाचा स्वॅब. आठ-दहा दिवस आधी कापसाच्या काडीवर नमुना घेऊन कल्चर करतात आणि जे औषध लागू पडेल तेच देतात. तुमच्याकडे दहा दिवस आहेत, म्हणजे यासाठी वेळ आहे, आजच विचारा. ते जमत नसेल तर बऱ्याच ठिकाणी फॉस्फोमायसिनचं ३ ग्रॅमचं पाकीट, किंवा अमिकॅसिन, सेफ्ट्रायाक्झोनसारखं इंजेक्शन वापरतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर अमिकॅसिनबद्दल आधी बोला. सुई लावण्याआधी गुदाशय पोव्हिडोन-आयोडीनने पुसून घेतल्यानेही संसर्ग कमी होतो. साधी, स्वस्त गोष्ट आहे. आयोडीनची ॲलर्जी असेल तर मात्र सांगा.

डॉक्टरांनी विचार करून सिप्रो किंवा लिव्होफ्लॉक्सासिनच दिलं असेल तर ती गोळी दुधाबरोबर, अँटासिडबरोबर, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका. पोटात ती त्यांच्याशी बांधली जाते आणि रक्तात पुरेशी उतरतच नाही. या वस्तू घ्यायच्याच तर सिप्रो त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्या. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडबरोबर ही औषधं साखर अचानक खाली आणू शकतात, म्हणून वडिलांच्या बाबतीत घरी ग्लुकोमीटर असू द्या. साखरेचं दुसरं टोकही तितकंच महत्त्वाचं. बायोप्सीच्या आठवड्यात उपाशीपोटीची साखर २००-२५० असेल तर तारखेआधीच मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवा. वाढलेल्या साखरेत जंतूंना रान मोकळं मिळतं.

एमआरआयचा नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडी किंवा फिल्म न्या. पाय-रॅड्स ४ ची जागा प्रोस्टेटच्या कुठल्या कोपऱ्यात आहे हे चित्रात बघून तिथे नेमकी सुई न्यायची असते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रिसिजन चाचणीत ५०० पुरुष होते. आधी एमआरआय करून संशयित जागेतूनच नमुने घेतलेल्या गटात महत्त्वाचा कॅन्सर ३८ टक्के जणांत सापडला, ठरावीक जागांवरून नमुने घेतलेल्या गटात २६ टक्के जणांत. आता बहुतेक ठिकाणी संशयित जागेतून तीन-चार आणि बाकी प्रोस्टेटमधून साधारण बारा नमुने घेतात.

आदल्या रात्री साधं जेवण. स्थानिक भूल द्यायची असेल तर सकाळी हलका नाश्ता चालतो, उलट रिकाम्या पोटी घेरी जास्त येते. पूर्ण भूल किंवा पाठीत इंजेक्शन ठरलं असेल तर सहा तास घन आहार बंद आणि दोन तास आधीपर्यंत फक्त पाणी. उपाशी राहायचं असेल त्या सकाळी मधुमेहाच्या कुठल्या गोळ्या घ्यायच्या ते विचारून घ्या. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी चालू असेल तर तिचं नाव आवर्जून काढा, ती भुलेच्या आधी काही दिवस थांबवतात. बीपीची गोळी सहसा घोटभर पाण्याबरोबर घेतात. एनिमा सांगितला असेल तर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवून द्या आणि पाच-दहा मिनिटं धरून ठेवायला सांगा. फॉस्फेटचा एनिमा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना आणि थकलेल्या वृद्धांना त्रासदायक ठरू शकतो, तिथे दुसरा पर्याय मागा. मूळव्याध किंवा फिशर असेल तर तेही आधीच सांगा. लाजेपोटी लपवलं की प्रोब घालतानाच वेदनेने सगळं अडतं.

प्रत्यक्ष काम पंधरा-वीस मिनिटांचं. गुदाशयातून असेल तर डाव्या कुशीवर झोपवतात, पेरिनियममधून असेल तर पाय वर बांधून. प्रोब अंगठ्यापेक्षा थोडा जाड असतो. आत जाताना शौचाला लागल्यासारखं वाटतं, त्या वेळी तोंडाने सावकाश श्वास सोडायचा. मग जागा बधिर करणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन, तेवढी मिनिटभर चुणचुण. त्यानंतर प्रत्येक नमुन्याला स्प्रिंगच्या सुईचा "टक्" असा स्टेपलरसारखा आवाज येतो. वडिलांना हा आवाज आधीच सांगून ठेवा. दुखण्यापेक्षा आवाजानेच माणूस दचकतो, आणि हलला की सुईची जागा चुकते. संपल्यावर लगेच उभं करू नका. पाच मिनिटं आडवं, पाच मिनिटं बसवून, मग उभं. कितीतरी धडधाकट माणसं याच क्षणी चक्कर येऊन पडतात.

नमुने शेवयांच्या तुकड्यांसारखे असतात, दीड-दोन सेंटिमीटर लांब, पांढरट. आपल्याकडे अनेकदा त्यांच्या बाटल्या नातेवाइकांच्याच हातात देऊन लॅबला पाठवतात, म्हणून तिथेच उभं राहून बघा: प्रत्येक बाटलीवर नाव आणि जागा लिहिली आहे का, बाटल्यांची संख्या फॉर्मवरच्या संख्येशी जुळते का, तुकडे फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवणाऱ्या द्रवात) नीट बुडाले आहेत का, झाकणं घट्ट आहेत का. सलाइनमध्ये घातलेले किंवा फ्रीजरमध्ये ठेवलेले नमुने खराब होतात. लॅबच्या फॉर्मवर पीएसए, एमआरआयचा निष्कर्ष आणि चालू औषधं लिहिलेली असली तर पॅथॉलॉजिस्टला खूप मदत होते.

लघवी झाल्याशिवाय रुग्णालय सोडू नका. सुईमुळे प्रोस्टेट सुजते. ग्रंथी मोठी असलेल्या काहींची लघवी अडते आणि दोन-तीन दिवस नळी ठेवावी लागते. घरी गेल्यावर ओटीपोट फुगलंय, जोर करूनही थेंबथेंबच येतंय, पाच-सहा तास लघवीच नाही, असं झालं तर रात्र असली तरी निघा.

आता ताप. पहिल्या तीन दिवसांत धोका सर्वांत जास्त, पण आठवडाभर सावध राहायचं. घरात थर्मामीटर हवाच. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप, किंवा ताप नसतानाही भरलेली हुडहुडी, म्हणजे रुग्णालय. सकाळची वाट बघायची नाही. वयस्कर मधुमेही माणसाला कधी ताप चढतच नाही. तो नुसता गळून जातो, असंबद्ध बोलतो, श्वास जोरात चालतो, लघवी कमी होते. तेही तितकंच गंभीर. पावसाळ्यात तर यात एक ठरलेली चूक होते: ताप म्हणजे डेंग्यू नाहीतर मलेरिया समजून जवळच्या दवाखान्यात रक्त तपासायला जातात आणि एक दिवस फुकट जातो. दारातच पहिलं वाक्य हे बोला: "परवा प्रोस्टेटची बायोप्सी झाली आहे, अमुक अँटिबायोटिक घेतलं होतं." हे वाक्य आणि औषधाचं नाव एका कागदावर लिहून वडिलांच्या खिशात ठेवा. तिथे रक्ताचं आणि लघवीचं कल्चर घेऊन लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, आणि आधी चालू होतं त्यापेक्षा वेगळं. त्याच गोळीचा डोस वाढवून भागत नाही, कारण ज्या जंतूने ताप आणला तो बहुधा तीच गोळी पचवून आलेला असतो. गाव रुग्णालयापासून दोन तासांवर असेल तर पहिल्या दोन-तीन रात्री शहरातच नातेवाइकांकडे काढा.

रक्ताचं आता निवांत सांगता येईल. लघवी काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे, लालसर होते. कोकम सरबताच्या रंगाची, आरपार दिसणारी लघवी चालेल. पाणी वाढवा, दिवसाला दोन-अडीच लिटर; हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर बंधन असेल तर त्या मर्यादेत. बिटाच्या दाट रसासारखी, गाठी पडणारी लघवी चालत नाही. गाठी वाटेत अडकून लघवी बंद होते. शौचावाटे दोन-चार दिवस थोडं रक्त दिसेल. भळाभळा आलं, किंवा संडासला न जाताही कपडे भिजले, तर दाखवा. वीर्यातलं रक्त सर्वांत जास्त टिकतं, चार ते सहा आठवडे आणि कधी त्याहून जास्त: आधी लाल, मग कातासारखं तपकिरी. पत्नीला त्याने काहीही अपाय होत नाही. ही गोष्ट आधी कोणी सांगत नाही आणि नंतर नवरा-बायको दोघंही मनातल्या मनात कुढत बसतात. आठवडाभराने, त्रास नसेल तर, संबंध ठेवायला हरकत नसते. काहींना काही आठवडे ताठरता कमी जाणवते, ती सहसा परत येते.

आराम म्हणजे अंथरुणाला खिळणं नव्हे. पहिला दिवस घरी, दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चालणं, तीन-चार दिवसांनी बसून करायचं काम. आठवडाभर दुचाकी, सायकल, ट्रॅक्टर नको, एसटीचा लांबचा प्रवास नको. पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर उचलायचा नाही. कुंथणं टाळायला रात्री कोमट पाण्यातून इसबगोल. दुखलं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको. अँटिबायोटिकचा कोर्स लिहून दिला तितकाच, बरं वाटलं म्हणून मध्ये सोडायचा नाही. क्लोपिटॅब-ए परत कधी सुरू करायची याची तारीख आधीच लिहून घेतलेली असावी. रक्तस्राव थांबत आला की साधारण एक-दोन दिवसांत ती सुरू करतात, पण "लघवी पूर्ण साफ झाली की बघू" म्हणत महिना घालवलेले लोक असतात, आणि स्टेंट तेवढी वाट बघत नाही.

पुढचे सहा-आठ आठवडे पीएसए करू नका. सुईच्या जखमेने तो चढलेला असतो आणि उगीच झोप उडते.

रिपोर्ट साधारण आठवड्याभरात येतो, जास्तीच्या रंगचाचण्या लागल्या तर आणखी काही दिवस. त्यात "ग्लीसन ३+३=६, ग्रेड ग्रुप १" (म्हणजे सर्वांत सौम्य दर्जाचा कॅन्सर) असं आलं तर लगेच ऑपरेशनची तारीख मागू नका; अशा बऱ्याच जणांना नुसतं नियमित लक्ष ठेवणं पुरतं, आणि तो पूर्ण मान्यताप्राप्त मार्ग आहे. "कॅन्सर नाही" असं आलं तरी पाय-रॅड्स ४ ची जागा आणि हा पीएसए डोळ्याआड करायचा नाही. सुई त्या जागेत बसली होती का, हे डॉक्टरांशी बोलून पुढचा पीएसए आणि गरज पडल्यास पुन्हा एमआरआय ठरवा.

रिपोर्टबरोबर नमुन्यांच्या काचा आणि नमुने बसवलेले मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. मुंबईच्या टाटा रुग्णालयात किंवा दुसऱ्या कुठल्या मोठ्या केंद्रात मत घ्यायला गेलात तर तिथे तेच मागतात, आणि ते हाताशी असले तर पुन्हा सुई लावायची वेळ टळते. काचा डबीत, ब्लॉक वेगळ्या पिशवीत, रिपोर्टवरचा नंबर त्यांच्यावरच्या नंबराशी जुळवून. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, पण मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडतं.